कढीपत्त्याचे भाडेकरू

श्रावणातल्या एका सकाळी आमटीच्या फोडणीसाठी आईने गॅलरीतल्या कढीपत्त्याला हात घातला आणि तसाच मागे घेतला.

"अरे, चिमण्यांनी पानांवर घाण करून ठेवलीय. डहाळी धुऊन आण बघू."

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, तेलाच्या जुन्या डब्यात लावलेलं ते झाड. फार तर माझ्या खांद्याएवढं. डहाळी तोडून नळाखाली धरली, तर पाण्याची धार लागताच त्या घाणीने डोकं वर केलं आणि मानेमागून लालसर रंगाचं एक दुबेळकं बाहेर काढलं. पाठोपाठ वास आला. लिंबाचं लोणचं बिघडलं की बरणी उघडताना येतो, तसा.

पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची ती 'घाण' म्हणजे अळी होती. तशा पाच निघाल्या. शेजारच्या काकूंनी तंबाखूचं पाणी फवारायचा सल्ला दिला. आईलाही तो पटला होता. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या दोन दिवसांचे पुढे पंधरा झाले.

पाखराच्या विष्ठेसारखं दिसणं हा लहान वयातला बचाव. विष्ठा कोण खाणार? पण अळी बोटाएवढी झाल्यावर हे सोंग टिकत नाही. एवढी मोठी विष्ठा टाकणारी चिमणी नसते. मग चौथ्यांदा कात टाकली की अळीचा रंग पानासारखा हिरवा होतो आणि खांद्यांवर डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटतात. खरे डोळे खाली, बारीक, दिसतही नाहीत. पाचव्या अवस्थेतल्या अळीला खाण्यावाचून दुसरं काम नसतं. रात्री दिवाणखान्यातला टीव्ही बंद झाला की गॅलरीत कान देऊन पान कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो, असं मी आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. झाडाचा वरचा भाग खराट्यासारखा झाला, तेव्हा बसला.

मग एका दिवशी अळीने खाणं थांबवलं, पोट मोकळं केलं आणि ती कुंडीमागच्या गजावर चढली. रेशमाची एक गादी विणून त्यात शेपटीचं टोक अडकवलं आणि पाठीमागून एक धागा घेतला. विजेच्या खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा टाकून मागे रेलतो, तशी ती त्या धाग्यावर रेलली. दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा कोष होता. पाचातले दोनच कोषापर्यंत पोचले. एक अळी बुलबुलाने नेली, एक नाहीशी झाली, एक आतून काळी पडून मेली. निसर्गाच्या हिशेबाने पाचात दोन म्हणजे चंगळच.

वॉरंट घेऊन आलेला

दहा-अकरा दिवसांनी कोष उकलला आणि मला वाटलं, पुस्तक चुकलं. पुस्तकाप्रमाणे कढीपत्त्यावरच्या या फुलपाखराचे पंख काळे असतात आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते. इंग्रजी नाव कॉमन मॉरमॉन. आमच्या गॅलरीत बसलेल्या बाईसाहेबांच्या मागच्या पंखांच्या मधोमध पांढरा डाग होता आणि कडेला लाल चंद्रकोरी. हे रूप तर कॉमन रोझ नावाच्या भलत्याच फुलपाखराचं!

या फुलपाखराचं मराठी नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. बहुरूपी. पूर्वी सुगीनंतर गावात बहुरूपी यायचा. कधी पोलीस होऊन, कधी फॉरेस्टचा साहेब होऊन. खाकी टोपी, हातात दांडका, "चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे." नवखा माणूस क्षणभर घाबरायचा. ही मादी नेमकं हेच करते.

कॉमन रोझची अळी सापसंद या वेलीची पानं खाते. ईश्वरी म्हणूनही ती वेल ओळखली जाते. तिच्यात विषारी आम्लं असतात. अळी ती पचवून अंगात साठवते आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात. पक्ष्याने एकदा असं फुलपाखरू तोंडात धरलं की त्या लाल-काळ्या नक्षीची त्याला धास्ती बसते. बहुरूपी मात्र कढीपत्ता आणि लिंबावर वाढलेली, तिच्या अंगात यातलं काहीच नाही. ती फक्त गणवेश घालते. सोंग ओळखायची एक खूण आहे. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, बहुरूपीचं काळं.

बहुरूपीच्या माद्या भारतात तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी साधी, दुसरी कॉमन रोझसारखी. तिसरी नक्कल करते ती क्रिमझन रोझची, लाल ठिपक्यांच्या आणखी भडक फुलपाखराची, आणि जिथे क्रिमझन रोझ उडतं तिथेच ती दिसते. ओळखच नसलेल्या साहेबाचं सोंग घेऊन उपयोग काय? तिन्ही रूपं एकाच मादीच्या अंड्यांतून निघू शकतात. ही सगळी एकाच जातीची पिल्लं आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५मध्ये मांडलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १८६२मध्ये, हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून नकलेचा हा सिद्धान्त सांगितला होता. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रायर नावाच्या संशोधकाने श्रीलंकेत या फुलपाखरांच्या पिढ्या वाढवून दाखवून दिलं की रूप कोणतं मिळणार हे आनुवंशिकतेने ठरतं, आणि तेही अगदी थोड्या घटकांवरून.

घटक नेमका कोणता, हे कळायला शंभर वर्षं जावी लागली. २०१४मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. कुंटे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात संशोधन करतात. 'बटरफ्लाइज ऑफ पेनिन्शुलर इंडिया' हे २००० साली आलेलं त्यांचं पुस्तक कित्येकांच्या पाठपिशवीत असतं. नक्षी, रंग आणि पंखांचा आकार हे सगळं मिळून बदलायचं तर बरीच जनुकं एका गठ्ठ्यात बांधलेली असणार, असा तोवर समज होता. निघालं ते एकच जनुक: 'डबलसेक्स'. कीटकांत नर आणि मादी घडवण्याचं काम करणारं हे जुनं जनुक. बहुरूपीत त्याचा एक तुकडा गुणसूत्रावर उलटा बसला आहे. त्यामुळे त्यातले बदल पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात, सरमिसळ होऊन अर्धवट सोंग तयार होत नाही.

पण सोंगालाही मर्यादा असते. गावात पोलीस दोन आणि बहुरूपी वीस झाले तर वॉरंटला कोण भिणार? नकली फुलपाखरं फार वाढली की पक्ष्यांच्या वाट्याला चवदार घासच अधिक येतात, आणि त्यांची धास्ती उडते. नरासारख्या साध्या माद्या अजून टिकून आहेत, त्याच्या कारणांपैकी हे एक मानलं जातं.

पानपाखरू

मराठीने या जिवाला फुलाशी बांधून टाकलं. तसं पाहिलं तर फुलाशी त्याचं नातं चहाच्या टपरीशी असावं तेवढंच आहे. या टपरीवर नाही तर त्या. हट्ट असतो तो पानाचा. 'पानपाखरू' म्हटलं असतं तर नाव अधिक खरं ठरलं असतं.

भाद्रपदात एक मादी आमच्या गॅलरीत अंडी घालायला आली, तेव्हा हे समोरच पाहायला मिळालं. ती आधी मोगऱ्यावर टेकली, उडाली. तुळशीवर टेकली, उडाली. जिथे टेकत होती तिथे पुढचे पाय पानावर भराभर आपटत होती, तबल्यावर बोटं चालावीत तशी. फुलपाखराच्या मादीला पायांनी चव कळते. पायांवरचे बारीक केस पानातली रसायनं ओळखतात. कढीपत्त्यावर टेकताच तिने पोट वाकवलं आणि कोवळ्या पानाखाली एकच अंडं चिकटवलं. फिकट पिवळं, मोहरीएवढं. मग दुसऱ्या डहाळीवर दुसरं. एका जागी सगळी अंडी घातली तर पोरं एकमेकांच्या तोंडचा घास काढतील.

कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं. पान चुरगळल्यावर येणारा तो वास त्या कुळाचा. झाडाने तो किडे दूर ठेवायला तयार केला. ते विष पचवायची युक्ती ज्या थोड्या कीटकांना साधली, त्यांना मात्र तोच वास घराचा पत्ता झाला. १९६४मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून हे मांडलं: झाड नवं कुलूप बनवतं, कीटक नवी किल्ली घडवतो, आणि या चढाओढीतून दोघांच्याही नव्या जाती होत राहतात. २०२३मध्ये जगभरच्या सुमारे २३०० जातींच्या जनुकांवरून फुलपाखरांची वंशावळ मांडली गेली. तिच्यानुसार रात्री उडणाऱ्या पतंगांपासून फुलपाखरं वेगळी झाली ती सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यांच्या पहिल्या अळ्या बहुधा शेंगा धरणाऱ्या झाडांवर वाढल्या. आजही दोन तृतीयांशाहून अधिक जाती एकाच वनस्पतिकुळाला धरून आहेत.

आपल्या आसपास पाहा. सोसायटीच्या कडेला उभ्या केलेल्या उंच खोट्या अशोकावर टेल्ड जे वाढतं. काळ्यावर पोपटी ठिपके आणि एका जागी पळभर न थांबणारं. आंब्याच्या पानावर बॅरनची अळी असते, अंगाला दोन्ही बाजूंनी पिसांसारखे काटे आणि पानाच्या शिरेवर अशी पसरलेली की बोट ठेवलं तरी कळू नये. पिवळीजर्द आणि पांढरट फुलपाखरं पावसात थव्याने दिसतात, ती टाकळ्याची आणि बाहव्याची लेकरं. पानफुटीचं जाड पान मधूनच पोकळ आणि पारदर्शक झालं असेल तर आत रेड पिएरोची अळी राहते आहे. तिने भिंती ठेवून घर खाल्लेलं असतं.

आणि हळदीकुंकू. पिवळ्यावर लाल ठिपके, इतकं देखणं की नाव आपसूक सुचावं. ते एवढ्या उंचावर का उडतं याचं उत्तरही पानात आहे. त्याची अळी बांडगुळावर वाढते आणि बांडगूळ झाडाच्या शेंड्याला. आंब्यावरचं बांडगूळ दिसलं की बागाईतदार कोयता घेतो. त्याचंही चूक नाही. पण प्रत्येक बांडगूळ उतरलं की हळदीकुंकवाचंही एक घर उतरतं.

सगळेच कडवे सारखे कडू नसतात

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. देवळाबाहेर माळा करणाऱ्या बायकांना ती अळी ठाऊक असते: पांढरी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगरची. मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. त्यातली विषं थेट हृदयावर परिणाम करतात. ती खाऊन अळी वाढते आणि पुढे फुलपाखरू म्हणून उघड्यावर संथ उडत राहते, घाई कसलीच नसल्यासारखं.

त्याची नक्कल करणारेही आहेत. डॅनेड एगफ्लाय या जातीची मादी हुबेहूब कडव्यासारखी दिसते. तिचा नर मात्र काळा, पंखांवर जांभळट कड असलेले पांढरे गोल. पुस्तक हाती नसेल तर ही जोडी नवरा-बायकोची आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

गंमत अशी की खऱ्या कडव्यांतही कडूपणा कमी-जास्त असतो. कोणती अळी कोणत्या झाडावर वाढली, तिथे विष किती होतं, यावर तो ठरतो. काही कडवे जवळजवळ चवदारच असतात आणि आपल्याच कडू भाऊबंदांच्या नावावर जगतात. भाऊबंदकीत असे नग प्रत्येक घरात असतात!

या कुळातल्या नरांना आणखी एक गरज असते. खुळखुळा किंवा भुरुंडीची सुकलेली डहाळी दिसली की त्यावर ब्ल्यू टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि क्रो यांची झुंबड उडते. पावसाळा सरल्यावर येऊरच्या पायवाटेवर खुळखुळ्याच्या एका झुडपावर मी साठपर्यंत मोजले आणि मग सोडून दिलं. फूल असो वा नसो, ते देठ आणि शेंगा खरवडून त्यातला रस सोंडेने ओढतात. त्या रसातल्या अल्कलॉइडपासून नर आपलं अत्तर बनवतात. मादीसमोर ते शिंपडल्याशिवाय लग्न जमणं कठीण.

चिखलातही नरांचीच गर्दी. पावसानंतर ओढ्याच्या ओल्या वाळूवर शेकडो फुलपाखरं पंख मिटून बसतात. या चिखलपानातून त्यांना पाण्याबरोबर सोडियम मिळतं. पानांत आणि मधात मीठ फार थोडं. नर ते गोळा करतो आणि मिलनाच्या वेळी मादीला आहेर म्हणून देतो. पुढे ते अंड्यांत उतरतं.

ज्याच्या रोपाला अळी लागते

आमचा कढीपत्ता खाल्ला गेला तर नुकसान आमटीच्या चवीचं. विदर्भात संत्र्याची रोपवाटिका चालवणाऱ्याचं तसं नाही. बहुरूपीचं चुलत भावंड असलेलं लाइम बटरफ्लाय लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालतं. हातभर उंचीच्या कलमावर चार-पाच मोठ्या अळ्या म्हणजे नुसती काडी उरणार. म्हणून कृषी खात्याच्या पत्रकांत या फुलपाखराचं नाव पाने खाणारी अळी असं असतं, आणि पहिला उपाय म्हणून अळ्या हाताने वेचायला सांगतात. मोठ्या झाडाला तेवढी अळी झेपते. रोपाला झेपत नाही. या फुलपाखराची चिवटाई एवढी की आशियाचं मूळ रहिवासी असूनही ते २००४मध्ये अटलांटिकपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं आणि तिथून आसपासच्या बेटांवर पसरलं.

सांगोल्याच्या किंवा नाशिककडच्या डाळिंबवाल्याला 'सुरसा' म्हणून पाहा. फळाला बारीक भोक, भोकातून घाण पाणी, आणि आत अळी. सुरसा लागली की फळ बाजारात जात नाही. ही अळीही फुलपाखराचीच आहे. कॉमन ग्वावा ब्ल्यू, नराच्या पंखांवर निळसर जांभळी झाक. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर सुरसेशी दोन हात केले, त्याच्या शेतातून ते निळं फुलपाखरू रोज उडत असतं आणि या दोघांत काही नातं आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

फवारणीत अळीबरोबर तिचे वैरीही मरतात. माझ्या पाचातली एक अळी आतून काळी पडली, त्याचं कारण पुढे कळलं. मोहरीहून बारीक गांधीलमाश्या असतात. काही अंड्यात अंडं घालतात, काही अळीत, काही नुकत्याच झालेल्या मऊ कोषात. कोषातून फुलपाखराऐवजी डझनावारी माश्या निघालेल्या पाहून पोरं रडतात. पण एक मादी आयुष्यात कितीतरी अंडी घालते आणि तरी वर्षानुवर्षं बागेतली संख्या साधारण तेवढीच राहते, याचं श्रेय या माश्यांना, कोळ्यांना आणि बुलबुलांना आहे.

याच निळ्या फुलपाखरांच्या कुळात मुंग्यांशी करार केलेले जीवही आहेत. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब येतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात पहारा देतात. आणि एपफ्लाय म्हणून एक आहे, त्याची अळी पान खातच नाही. ती पिठ्या ढेकूण खाते, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूची. तिचा कोष समोरून पाहिला तर माकडाचं तोंड दिसतं.

कोषात काय होतं

शाळेच्या पुस्तकात चार चित्रं असतात आणि मध्ये बाण. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. खरी गोष्ट त्या तिसऱ्या बाणात आहे.

अळीच्या अंगात पंखांच्या, पायांच्या, डोळ्यांच्या पेशींचे बारीक पुंजके आधीपासून असतात, न उघडलेल्या बोचक्यांसारखे. लहानपण टिकवणारं एक संप्रेरक त्यांना उघडू देत नाही. ते ओसरलं आणि कात टाकायला लावणारं दुसरं संप्रेरक वाढलं की अळीचे स्नायू, जबडा, आतडं यांतलं बरंचसं विरघळतं आणि त्याच मालावर ही बोचकी वाढू लागतात. हे दुसरं संप्रेरक १९५४मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी वेगळं काढलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष लागले आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम.

एवढी मोडतोड झाल्यावर अळीला काही आठवत असेल? २००८मध्ये अमेरिकेत एका पतंगाच्या अळ्यांना एक वास दिला की विजेचा सौम्य झटका द्यायचा असा प्रयोग झाला. शेवटच्या अवस्थेत हा धडा शिकलेल्या अळ्या पतंग झाल्यावरही तो वास टाळत होत्या. म्हणजे सगळंच विरघळत नाही.

बाहेर आल्यावर पंख ओल्या फडक्यासारखे लोंबत असतात. शिरांत रक्तरस भरून ते तासा-दोन तासांत ताठ होतात. सोंडसुद्धा दोन अर्ध्या नळ्यांत येते. फुलपाखरू ती पुन्हा पुन्हा गुंडाळून-उलगडून एक करून घेतं. आणि बोटाला लागते ती 'पावडर' म्हणजे पंखांवर कौलांसारखे रचलेले खवले. म्हणून या गणाला खवलेपंखी म्हणतात. रंग कधी खवल्यातल्या रंगद्रव्याचा असतो, कधी रचनेतून प्रकाश परतल्याने दिसणारा. ब्ल्यू ओकलीफ पंख उघडतं तेव्हा निळं लखलखतं आणि मिटतं तेव्हा वाळलेलं पान होतं, देठ आणि शिरांसकट.

ऋतूप्रमाणे कपडे बदलणारेही आहेत. तिन्हीसांजेला घरात शिरणारं तपकिरी इव्हनिंग ब्राउन पावसाळी पिढीत पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक गोल मिरवतं; सुक्या दिवसांतल्या पिढीत ते गोल मिटतात आणि पाचोळ्याचा रंग येतो.

कारवारचे तीन साहेब

कोणत्या फुलपाखराची अळी काय खाते हे आज आपण सहज सांगतो, त्यामागे माणसांनी घातलेली वर्षं आहेत. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन साताऱ्यात जन्मले, १८५१मध्ये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं, मग मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी केली. १८८३मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांत ते होते. 'ईएचए' या सहीने त्यांनी लिहिलेले खुसखुशीत लेख आजही वाचनीय आहेत. कारवारकडे त्यांना जोडीदार मिळाले डेव्हिडसन आणि बेल. एक मुलकी अधिकारी, दुसरे जंगल खात्यात.

या तिघांचा उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरचा दीर्घ लेख सोसायटीच्या जर्नलमध्ये १८९६च्या सुमारास आला. त्या काळातल्या बहुतेक साहेबांचा छंद जाळीने फुलपाखरं पकडून टाचण्या टोचायचा. हे तिघे पानं उलटत बसायचे. अळ्या घरी आणून वाढवायच्या, काय खातात, कधी कात टाकतात, कोष कसा दिसतो हे लिहून ठेवायचं. बेल निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले आणि तिथेच १९४८मध्ये वारले. आजच्या पुस्तकांत खाद्यवनस्पतींचा जो तक्ता असतो, त्यातल्या कितीतरी ओळींच्या मुळाशी कारवारच्या व्हरांड्यातल्या त्या अळ्या आहेत.

आज भारतात फुलपाखरांच्या १३००हून अधिक जाती नोंदल्या आहेत, त्यांतल्या ३३०च्या आसपास सह्याद्रीच्या रांगेत. नखाएवढ्या ग्रास ज्वेलपासून वीतभर पंखांच्या सदर्न बर्डविंगपर्यंत. २०१५मध्ये महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राणी पाकोळी आणि नीलवंत अशी दोन्ही नावं त्याला मिळाली. मखमली काळ्यावर आकाशी निळं, पंख पसरले की १२ ते १५ सेंटिमीटर. मुंबईच्या वाहतुकीतून ते एखाद्या उनाड पोरासारखं उडत जाताना दिसतं. त्याचीही अळी लिंबू, माकडलिंबू अशाच झाडांवर. म्हणजे राज्याचं फुलपाखरू हवं तर राज्याने लिंबाची पानं थोडी फाटू द्यायला हवीत.

फुलं लावली, पाखरं आली नाहीत

हल्ली नव्या संकुलाच्या माहितीपत्रकात 'बटरफ्लाय गार्डन' असतं. अशाच एका संकुलात एक मित्र घेऊन गेला. ओळीने लावलेली परदेशी फुलझाडं, मध्ये कारंजं, प्लायवुडचं मोठं फुलपाखरू. उडणारी दोन दिसली, दोन्ही कुंपणापलीकडच्या पडीक जागेतल्या टाकळ्यावरून आलेली. माळ्याला विचारलं तर म्हणाला, दर पंधरवड्याला फवारतो, एक अळी दिसणार नाही.

घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत उलट आहे. तिथली शेतजमीन फुलपाखरांसाठी खाद्यवनस्पती लावून राखली आहे. आत शिरल्यावर बाग म्हणावी असं फारसं काही दिसत नाही. झुडपं, वेली, तण वाटेल अशी हिरवळ, आणि जिकडेतिकडे कुरतडलेली पानं. थोडा वेळ उभं राहिलं की हवा हलायला लागते. ज्या बागेतली पानं अखंड, तिथली फुलपाखरं पाहुणी. ज्या बागेतली पानं फाटकी, तिथली घरची.

घाणेरीचंही असंच. तिच्या फुलांवर फुलपाखरं तुटून पडतात म्हणून ती चांगली वाटते. पण ती पसरली की खालची सापसंद आणि खुळखुळा गुदमरतात. टपरी राहते, घर जातं.

आश्विनात आमच्या कढीपत्त्यावर तिसरी पिढी आली, नेमकी चिवड्याच्या आठवड्यात. चिवड्याला ओंजळभर तरी कढीपत्ता लागतो. आई पिशवी घेऊन मंडईत गेली. भाजीवालीने जुडी पुढे केली, हिरवीगार, एकेक पान इस्त्री केल्यासारखं. आईने ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"मावशी, एकाही पानाला भोक नाही?"

"ताजा माल आहे ताई. कीड नावाला सापडायची नाय."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि जुडी परत ठेवली.

घरी येऊन तिने झाडाच्या खालच्या फांद्यांची, कडा कुरतडलेली पानं वेचली. शेंड्याला हात लावला नाही. यंदा चिवड्यात कढीपत्ता जरा कमीच पडला आहे. फराळाला आलेल्या पाहुण्यांच्या ते लक्षात येतं. कारण सांगण्याआधी आई उठते आणि गॅलरीचं दार उघडते.